तेरव्याच्या मागे

महाप्याच्या त्या गल्लीत, जिथं रंगाचा कारखाना बंद पडला
आणि आता नुसत्या गार खोल्या भाड्यानं मिळतात,
तिथं मे महिन्यातही स्वेटर घालून बसते मी.
रात्री दोन वीसला डिस्कांचा आवाज बदलतो,
जात्यात वैरण जास्त पडल्यावर बदलतो तसा.
दोनशे अकरा गिऱ्हाइकांचा दिवस
एका गाठोड्यात बांधला जातो.
अशी सात राहतात. आठवं आलं की पहिलं जातं,
कुठं जातं ते विचारायचं नसतं.

आधी फोन यायचे.
"मॅडम, काल हवाय."
असंच म्हणायचे लोक,
पावशेर हवाय म्हणावं तसं.
कोपरखैरण्याच्या क्लासवाल्या सरांनी निकालाचं पान उडवलेलं,
दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीनं सुक्या बोंबलाचे भाव.
मी गाठोडं सोडायची, त्यांचं तेवढं उचलायची,
बाकीच्यांचं न वाचता
(वाचायची. थोडं वाचायची. रात्र मोठी असते.)
पुन्हा गाठ मारायची.

लोटलीकर म्हणाले, कोठीची किल्ली किती दिवस कमरेला लावून फिरणार?
ज्याचं त्याला काढू दे. एक बटण दे त्यांना.
खरं सांगायचं तर जरा लागलं.
तीन आठवडे लिहीत होते:
ज्याला त्याचाच खण दिसावा,
शेजारी कुणी आहे हेही कळू नये,
बघता यावं, नेता यावं,
गाठोड्याला मात्र कुणाचा हात लागू नये.

एका ओळीत एक तिरपी रेघ राहिली.
चाचणीसाठी पहिले होते तुर्भ्याच्या मसाला बाजारातले मोईन दळवी.
त्यांचा फोन, आवाज एकदम खाली:
"ताई, मला सगळ्यांचीच घरं दिसतायत हो.
आत कुठं गेलो नाही. उंबऱ्यावरच उभा आहे.
तुम्ही दार लावा, मग मी ठेवतो."
चार मिनिटं लागली. ते थांबले.
मागं कुणीतरी मिरचीच्या गोणी मोजत होतं,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

आता बटण आहे आणि फोन गप्प.
मी नुसता लॉग वाचते.

घरत बंधू, मंडप आणि केटरिंग, घणसोली.
सोमवारी सकाळी 'आमच्याविषयी' या पानावरच्या
तीन नावांतलं मधलं गेलं. जयेंद्र.
संध्याकाळी कुणीतरी बटण दाबून काल परत आणला.
जयेंद्र आला.
रात्री अकराला पुन्हा गेला.
मंगळवारी त्याला आणायला परवापर्यंत जावं लागलं.
बुधवारी तेरवापर्यंत.
तेरव्याच्या मागे आपल्याकडे शब्द नाही,
नुसत्या तारखा.
गुरुवार, शुक्रवार, शनिवार:
संध्याकाळी येतो, अकराला जातो.
दोन वीसच्या गाठोड्यात तो कधीच सापडत नाही.

खातं एक, पासवर्ड एक, तिघांना पाठ.
बटण विचारत नाही कोण दाबतंय.
मी विचारलं असतं.
निदान "काय झालं हो?" एवढं तरी.
की जयेंद्र स्वतःच येतो स्वतःला आणायला,
मंडपाचे बांबू उतरवून झाल्यावर, हात धुऊन?

आज रविवार.
जयेंद्र असलेलं शेवटचं गाठोडं आता पहिलं आहे.
दोन वाजून तेरा मिनिटं.
घरतांचं तेवढं बाजूला काढून ठेवणं
नियमात बसत नाही, मीच लिहिलेल्या.
आकडा मात्र सगळ्यांचा एकच असतो.
सातच्या जागी मी आठ लिहिलं.

दोनशे अकरा जणांना एकेक दिवस जास्त मिळाला,
कुणी मागितला नव्हता.
डिस्क एक्क्याण्णव टक्के भरली. उद्या लोटलीकर विचारतील.
नवव्याचं मी अजून
काही ठरवलेलं नाही.